केंब्रिजच्या थंडीतले रामानुजन

श्रीनिवास रामानुजन यांचे नाव निघाले की बहुतेकांना १७२९ हा आकडा आठवतो. पटनी येथील शुश्रूषागृहात त्यांना भेटायला आलेले प्रा. जी. एच. हार्डी ज्या टॅक्सीतून आले, तिचा हा क्रमांक. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन वेगळ्या रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या असल्याचे रामानुजन यांनी अंथरुणावरूनच क्षणात सांगितले. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि दरवर्षी २२ डिसेंबरला साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने घरोघरी पोहोचला आहे. मात्र ती टॅक्सी ज्या दाराशी थांबली, त्या दारापर्यंत ऐन तिशीतला हा गणितज्ञ कसा येऊन पोहोचला, याची चर्चा फारशी होत नाही.

रामानुजन इंग्लंडमध्ये जेमतेम पाच वर्षे राहिले. त्यांचे उत्तमोत्तम संशोधन याच पाच वर्षांत प्रसिद्ध झाले आणि त्यांची प्रकृतीही याच पाच वर्षांत ढासळली. या काळातील त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर गणिताच्या जोडीने आणखी एक झगडा सतत चाललेला दिसतो. पायांना चावणारे बूट, न उमजलेले अंथरूण, न मिळणारी चिंच, घरून न येणारे पत्र अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींशी चाललेला हा झगडा होता. एकेकट्या पाहिल्या तर हसू यावे अशाच या फजित्या आहेत. त्या एकापाठोपाठ एक वाचत गेल्यावर मात्र हसू मावळते.

शेंडी आणि बूट

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला आणि बालपण कुंभकोणम येथे गेले. गणिताखेरीज अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने महाविद्यालयीन परीक्षेत ते नापास झाले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये पगारावर त्यांना कारकुनी मिळाली. तेथूनच जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत आपली प्रमेये जोडली होती. ती प्रमेये एखाद्या अव्वल दर्जाच्या गणितज्ञाचीच असू शकतात, अशी हार्डी आणि त्यांचे सहकारी जे. ई. लिटलवुड यांची खात्री पटली आणि रामानुजन यांना केंब्रिजला आणण्याची खटपट सुरू झाली.

पहिला अडसर धर्माचा होता. सनातनी अय्यंगार ब्राह्मणाला समुद्रोल्लंघन निषिद्ध होते. अखेर आई कोमलताम्माळ यांना कुलदेवता नामगिरीचा स्वप्नात कौल मिळाला आणि परवानगी मिळाली, असे कुटुंबात सांगितले जाई. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यांपैकी ५० पौंड घरच्यांच्या निर्वाहासाठी ठेवायचे ठरले.

मग तयारी सुरू झाली. कोट, पाटलोण, गळपट्टा, बूट यांची खरेदी झाली. काटे-चमच्याने जेवण्याचे धडे घ्यावे लागले. जन्मापासून राखलेली शेंडी कापावी लागली. मुलाचे ते रूप आईच्या आणि पत्नी जानकी यांच्या नजरेस पडू नये म्हणून या दोघींना आधीच कुंभकोणमला पाठवण्यात आले होते. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन यांनी मद्रास बंदरातून नेवासा या जहाजाने प्रयाण केले आणि १४ एप्रिलला ते लंडनला उतरले.

सुरुवातीचे काही आठवडे ते केंब्रिजच्या चेस्टरटन रोडवर प्रा. ई. एच. नेव्हिल यांच्या घरी राहिले. नेव्हिल यांनी मद्रासला असताना त्यांचे मन वळवले होते आणि पती-पत्नी दोघेही आतिथ्यशील होते. तरीही लहानसहान दुःखे चुकली नाहीत. भाज्या अनोळखी आणि म्हणून बेचव लागत. सव्वीस वर्षे मोकळे राहिलेले पाय बुटांत कोंडले गेल्यामुळे ठणकत. पुढे शक्य तेथे ते सपाता घालूनच वावरू लागले. जूनच्या सुमारास ते ट्रिनिटी कॉलेजच्या व्ह्यूवेल्स कोर्टमधील खोल्यांत राहायला गेले. तेथून पुढचे सारे त्यांना एकट्यानेच निभवायचे होते.

पांघरुणाचे कोडे

त्याच सुमारास किंग्ज कॉलेजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हा बंगाली तरुण शिकत होता. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली ते हेच महालनोबिस. दोघांची ओळख लवकरच मैत्रीत बदलली. एका थंड दिवशी महालनोबिस भेटायला गेले, तेव्हा रामानुजन शेकोटीला अगदी खेटून बसले होते. रात्री पुरेशी ऊब मिळते का, अशी चौकशी महालनोबिस यांनी सहज केली. तेव्हा आपण ओव्हरकोट घालून आणि वर शाल गुंडाळून झोपतो, तरीही थंडी वाजते, असे उत्तर मिळाले.

पांघरुणे कमी पडत असतील, या समजुतीने महालनोबिस यांनी झोपण्याची खोली पाहिली. पलंगावर पांघरुणे भरपूर होती. मात्र इंग्रजी पद्धतीप्रमाणे ती गादीच्या कडेने घट्ट खोचून वर पलंगपोस घातलेला होता. त्या थरांच्या आत शिरून झोपायचे असते, हे रामानुजन यांना ठाऊकच नव्हते. ते रात्रीमागून रात्री त्या साऱ्या पांघरुणांच्या वरच झोपत होते. महालनोबिस यांनी पांघरुणे उलगडून दाखवली आणि प्रश्न मिटला.

हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. तथापि चटईवर पडून अंगावर चादर ओढून घेणाऱ्या माणसाला खोचलेल्या पलंगाची रचना कळावी कशी? कॉलेजातील नोकर रोज अंथरूण नीट करून जात. हार्डी यांच्याशी रोज गणिताची चर्चा होई. तरीही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि रामानुजन यांनी आपण होऊन सांगितले नव्हते. दुसऱ्याला तसदी देण्याचा संकोच हा त्यांच्या स्वभावाचाच भाग होता. ज्या अडचणीविषयी कोणी आपुलकीने चौकशी केली, ती काही मिनिटांत दूर झाली, हे या प्रसंगातून ध्यानात घेण्याजोगे आहे.

शेगडीवरचा स्वयंपाक

जेवणाचा प्रश्न इतका सोपा नव्हता. रामानुजन कट्टर शाकाहारी होते. ट्रिनिटीच्या भोजनगृहात सर्वांच्या पंगतीला बसणे हा तेथील सामाजिक जीवनाचा कणा होता. मात्र बटाटेसुद्धा प्राण्यांच्या चरबीत तळलेले असण्याची शक्यता असल्याने रामानुजन तिकडे फिरकत नसत. खोलीतच गॅसच्या शेगडीवर ते स्वतः स्वयंपाक करत. बिया काढलेली चिंच आणि चांगले खोबरेल तेल टपालाने पाठवावे, अशी विनंती त्यांनी मद्रासच्या स्नेह्याला पत्रातून केली होती.

स्वयंपाक करतानाही गणित सुरूच असे. १९१४ च्या डिसेंबरमध्ये स्ट्रँड या मासिकात एक कोडे आले होते. एका रस्त्यावर ओळीने घरे आहेत, त्यांना एकपासून क्रमांक दिले आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. घरे पन्नासहून जास्त आणि पाचशेहून कमी असतील, तर त्या घराचा क्रमांक कोणता? महालनोबिस यांनी हे कोडे वाचून दाखवले, तेव्हा रामानुजन कढईत भाजी परतत होते. भाजी परतता परताच त्यांनी एक वितत अपूर्णांक सांगितला. त्यातून २८८ घरांपैकी २०४ क्रमांकाचे घर हे उत्तर तर मिळत होतेच, शिवाय घरांच्या संख्येची मर्यादा काढून टाकल्यास निघणारी पुढची सारी उत्तरेही मिळत होती.

दुर्दैवाने काळ वाईट होता. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन महायुद्धात उतरले आणि केंब्रिजचा चेहराच पालटला. ट्रिनिटीच्या आवारात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. विद्यार्थी आणि अध्यापक सैन्यात गेले, लिटलवुडही तोफखान्यात रुजू झाले. पुढे पुढे दूध, फळे, भाजीपाला यांची टंचाई जाणवू लागली. संशोधनाच्या नादात रामानुजन यांच्या झोपेला आणि जेवणाला वेळेचे बंधन उरले नाही. अनेकदा दिवसातून एकदाच, तोही अवेळी, स्वयंपाक होई.

बाहेर खाण्यात धोका होताच. लंडनमध्ये एकदा यजमानीणबाईंनी त्यांना ओव्हल्टीन हे गरम पेय दिले, ते त्यांना आवडलेही. नंतर डब्यावरील घटक वाचताना त्यात अंड्याचा अंश असल्याचे लक्षात आले आणि ते कमालीचे अस्वस्थ होऊन तेथून निघून गेले, अशी आठवण सांगितली जाते. परमुलुखात डब्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आजच्या शाकाहारी प्रवाशांच्या अंगवळणी पडली आहे. रामानुजन यांना ती अशी लागली.

तिसरी वाढ

केंब्रिजमधील भारतीय मंडळींना रामानुजन अधूनमधून जेवायला बोलावत. स्वतः रांधून चार जणांना वाढणे, हा त्यांच्या एकाकी दिनक्रमातील आनंदाचा भाग होता. असेच एकदा त्यांनी ज्ञानेशचंद्र चॅटर्जी या विद्यार्थ्याचे लग्न ठरल्याच्या निमित्ताने त्याला, त्याच्या वाग्दत्त वधूला आणि आणखी एका स्नेही बाईंना जेवायला बोलावले. रामानुजन यांनी केलेले सार सर्वांना आवडले. दुसऱ्यांदा वाढले, तेही सर्वांनी घेतले. तिसऱ्यांदा वाढू लागताच दोन्ही स्त्रियांनी नको म्हटले.

गप्पा सुरू राहिल्या. काही वेळाने यजमानच खोलीत नसल्याचे पाहुण्यांच्या ध्यानात आले. खाली पहारेकऱ्याकडे चौकशी केली, तेव्हा ते टॅक्सी बोलावून निघून गेल्याचे कळले. चॅटर्जी काळजीने चौकशी करत राहिले. काही दिवसांनी थेट ऑक्सफर्डहून तार आली. परतीसाठी पाच पौंड पाठवावेत, अशी तीत विनंती होती. परतल्यावर रामानुजन यांनी सांगितलेले कारण साधे होते. आपण रांधलेले पाहुण्यांनी नाकारले, याचा त्यांना अपमान वाटला होता. त्या घरात क्षणभरही थांबवेना, म्हणून खिशातल्या पैशांत जितके दूर जाता येईल तितके दूर ते गेले होते.

पंगतीत आग्रह करकरून वाढण्याची रीत आपल्याकडेही आहे आणि वाढपी दुखावला जाऊ नये म्हणून पानात थोडे घेण्याची रीतही आहे. गावाकडे अशा नकाराने कोणी गाव सोडत नाही, कारण रुसवा काढायला घरात दहा माणसे असतात. परक्या मुलखात, भोवती युद्ध पेटलेले असताना, ज्याच्यापाशी द्यायला स्वतःच्या हातचे अन्न तेवढेच उरले होते, त्याला तो नकार सोसला नाही. त्याच्या मनावर किती ताण साचला होता, याची ती पहिली ठळक खूण होती.

न आलेली पत्रे

गणिताच्या आघाडीवर मात्र यशामागून यश येत होते. १९१५ मध्ये अतिसंयुक्त संख्यांवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. मार्च १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे केंब्रिजची बी. ए. पदवी मिळाली. मायदेशी परीक्षेत नापास झालेल्या माणसाची ही पहिलीच पदवी. एखादी संख्या किती प्रकारे लहान संख्यांच्या बेरजेत फोडता येते, या जुन्या प्रश्नावर हार्डी आणि रामानुजन यांनी मिळून सूत्र शोधले. २०० या संख्येसाठी हे उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके येते. मेजर मॅकमहॉन यांनी हाताने केलेल्या आकडेमोडीशी ते सूत्र जुळले, तेव्हा गणितविश्व थक्क झाले.

या काळात घरची पत्रे येणे हळूहळू थांबले. कोमलताम्माळ आणि जानकी यांचे पटत नव्हते. पती-पत्नीची पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचू दिली जात नसत, असे जानकी यांनी पुढे सांगितले. केंब्रिजमध्ये बसलेल्या रामानुजन यांना याची कल्पना नव्हती. त्यांना एवढेच दिसत होते की घरून पत्र येत नाही. हार्डी यांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, पण खासगी विषयात शिरणे त्यांच्या इंग्रजी वळणात बसत नव्हते. घरच्या बेबनावाची माहिती त्यांना फार उशिरा झाली.

१९१७ च्या वसंतात रामानुजन आजारी पडले. आधी केंब्रिजमधील शुश्रूषागृह, मग मेंडिप टेकड्यांतील आणि डर्बीशायरमधील मॅटलॉक येथील आरोग्यधाम अशी त्यांची रवानगी होत गेली. जठरव्रण, रक्तदोष, क्षय अशी निदाने बदलत राहिली. पुढे उपचार झाले ते प्रामुख्याने क्षयाचेच.

क्षयावर त्या काळी मोकळ्या हवेचा उपचार करत. खिडक्या सताड उघड्या ठेवून रुग्णाला थंड हवेत निजवायचे, हा त्यातील मुख्य भाग. दक्षिणेच्या उष्ण हवेत वाढलेल्या रुग्णाला तो कितपत सोसेल, याचा विचार झाला नाही. रामानुजन शेकोटी मागत, ती नाकारली जाई. जेवणावरून स्वयंपाकघराशी रोज खटके उडत. मॅटलॉकमध्ये उबदार अशी एकच जागा होती, ती म्हणजे न्हाणीघर. रोज तासभर कागद-लेखणी घेऊन न्हाणीघरात बसून गणित करण्याचा आपला बेत त्यांनी हार्डी यांना पत्राने कळवला होता. ज्याच्या सूत्रांनी युरोपातील गणितज्ञांना चकित केले, तो माणूस ऊब शोधत न्हाणीघरात जाऊन बसत होता.

१९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांनी भुयारी रेल्वेच्या रुळांवर उडी घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे गाडी काही फुटांवर थांबली आणि ते बचावले. तेव्हा इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. हार्डी यांनी स्कॉटलंड यार्डला जाऊन आपले वजन खर्च केले, तेव्हा पुढील कारवाई टळली. आजारपण, युद्ध, एकाकीपण आणि घरची ओढ या साऱ्यांचा भार एका मनावर पडला होता. त्याचे एकच कारण शोधणे व्यर्थ ठरेल.

काही महिन्यांतच, मे १९१८ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८४१ मध्ये निवडले गेलेले मुंबईचे जहाजबांधणी तज्ज्ञ अर्देसर कर्सेटजी यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचे फेलो होण्याचा मानही त्यांना मिळाला आणि हा मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय ठरले. या सन्मानांनी त्यांना उभारी आली, काही नवे संशोधनही झाले. प्रकृती मात्र पूर्णपणे सुधारली नाही.

मुंबई बंदरात

युद्ध संपले, समुद्रमार्ग सुरक्षित झाला आणि परतीचे ठरले. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड देऊ केले. त्यावर जानेवारी १९१९ मध्ये रामानुजन यांनी कळवले की ही रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे. आईवडिलांसाठी वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आवश्यक खर्च भागून उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी, अशी त्यांची इच्छा होती. पाच वर्षे खोलीतल्या शेगडीवर रांधून खाणाऱ्या माणसाचे हे पत्र होते.

फेब्रुवारी १९१९ च्या अखेरीस ते नागोया या जहाजाने निघाले आणि २७ मार्चला मुंबई बंदरात उतरले. स्वागताला आई आणि धाकटा भाऊ आले होते. रामानुजन यांनी पहिली चौकशी जानकीची केली. ती आलेली नव्हती. तिची भेट पुढे मद्रासला झाली. अखेरच्या वर्षात तिनेच त्यांची शुश्रूषा केली.

अंथरुणाला खिळलेले असतानाही त्यांचे काम थांबले नाही. जानेवारी १९२० मध्ये हार्डी यांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी मॉक थीटा फलनांची कल्पना मांडली. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. समुद्रोल्लंघनाचे प्रायश्चित्त न झाल्यामुळे अनेक सनातनी आप्तेष्ट अंत्यविधीला आले नाहीत. इंग्लंडमध्ये ज्या आचारासाठी त्यांनी एवढी ओढाताण सोसली, त्याच आचाराच्या नावाने घरची माणसे अखेरीस दूर राहिली.

१९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदींचा अभ्यास करून रामानुजन यांना क्षय नसावा, तर यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, असा निष्कर्ष मांडला. भारतात असताना झालेल्या आमांशातून तो उद्भवला असण्याची शक्यता त्यांनी दाखवली. हे खरे मानले, तर उघड्या खिडक्यांतील त्या थंड रात्री त्यांनी विनाकारणच सोसल्या.

रामानुजन यांच्या वह्यांच्या छायाप्रती १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्या ग्रंथालयात त्यांचे अखेरच्या वर्षातील कागद सापडले आणि गणितज्ञांना नवे भांडार खुले झाले. त्यातील सूत्रांवर आजही काम होते.

शिक्षण आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या तरुणांना आता घरच्यांचा आवाज रोज ऐकता येतो आणि परक्या शहरातही डाळ-तांदूळ मिळतो. तरीही संकोचाने न सांगितलेली अडचण आणि कोणी न केलेली चौकशी या दोन गोष्टी तंत्रज्ञानाने दूर होणाऱ्या नाहीत. रामानुजन यांच्या प्रतिभेची दखल केंब्रिजने घेतली, याबद्दल जग हार्डी यांचे सदैव ऋणी राहील. रात्री थंडी वाजते का, हे विचारणाऱ्या महालनोबिस यांच्यासारखी आणखी चार माणसे त्यांना भेटायला हवी होती.